कोणती हॉली, ताई?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. म्हणजे असं की नणंदेची मुलगी लंडनहून येताना 'हॉली लीफ एक्स्ट्रॅक्ट १०:१, ५०० मिग्रॅ' अशी बाटली घेऊन आली, सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना सुरू करावी का, त्यांचं वय ६८, बीपी आणि शुगर दोन्हीची गोळी चालू. आणि दुसरं, तुमच्या इंदूरच्या सुदामा नगरमधल्या बाल्कनीत नर्सरीतून आणलेली हॉलीची कुंडी आहेच, तर तिचीच पानं उकळून घरी अर्क काढला तर चालेल का, कारण पुढची बाटली इथे ऑनलाइन साडेचौदाशेला पडतेय.

बाटली आत्ता सुरू करू नका आणि कुंडीतली पानं तर अजिबातच उकळू नका. का ते सांगतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

माझी ओळख एवढीच की बी.फार्म करून पीथमपूरला जडीबूटीचे एक्स्ट्रॅक्ट करणाऱ्या एका कंपनीत १९ वर्षं क्वालिटीला काढली, आणि त्याआधी लहानपण सगळं वडिलांच्या काष्ठौषधीच्या दुकानात गेलं, इंदूरच्या सियागंज बाजाराच्या मागे. तिथे दारुहळद, रिठा, गुलखैरा, अश्वगंधा सगळं पोत्यानं यायचं. हॉली कधी आली नाही. कुणी मागितली पण नाही. वडिलांनी हॉली फक्त डिसेंबरात बेकरीच्या काचेवर चिकटवलेली पाहिली असेल, ती पण प्लॅस्टिकची.

म्हणून माझा पहिला प्रश्न हाच असतो, कोणती हॉली? कारण हॉली हे एका झाडाचं नावच नाही.

खरी हॉली म्हणजे इलेक्स. वनस्पतीशास्त्रात या एका कुळीत चारशेच्या वर जाती आहेत, सगळ्या जगभर पसरलेल्या. नाताळच्या कार्डावर जी असते, काटेरी चकचकीत पान आणि लालभडक फळं, ती इलेक्स अ‍ॅक्विफोलियम, युरोपातली. तिच्यात नर झाड वेगळं आणि मादी झाड वेगळं, लाल फळं फक्त मादीलाच लागतात, त्यामुळे एकटं नर झाड लावून वर्षानुवर्षं फळांची वाट बघणारे लोक तिकडे पण असतात. आणि गंमत म्हणजे जुन्या झाडाच्या वरच्या फांद्यांवरच्या पानांना बरेचदा काटेच नसतात, खाली असतात.

हिला थंड, दमट हवा लागते आणि पाणी न साचणारी माती. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२ वर जातो आणि माती काळी, तर इंदूरच्या बाल्कनीत ही टिकणं अवघडच आहे. आपल्या देशात इलेक्स आहेत, नाही असं नाही, नैनिताल-मसुरीकडे बांज म्हणजे ओकच्या जंगलात इलेक्स डायपायरिना आहे, निलगिरीत वेगळी आहे, मेघालयात एक इलेक्स खासियाना म्हणून आहे ती तर नामशेष व्हायच्या काठावर आहे. पण मालव्यात नाही.

मग तुमच्या कुंडीत काय आहे? तुम्ही फोटो टाकलाय म्हणून सांगता येतं. छोटी छोटी काटेरी पानं, झुडूप गुडघ्याएवढं, आणि गुलाबी झालरदार फुलं. ही इलेक्स नाही ताई, ही माल्पिघिया कॉक्सिजेरा, नर्सरीवाले हिला सिंगापूर हॉली म्हणतात. वेस्ट इंडिजकडची आहे, बोन्साय करायला आणि बॉर्डरला लावायला छान. हॉलीशी तिचा काही संबंध नाही, पानाच्या कडा काटेरी दिसल्या म्हणून नाव पडलं.

तुम्हाला स्वतः बघायचं असेल तर फांदी हातात धरा आणि पानं कुठून फुटतात ते बघा. समोरासमोर जोडीनं फुटली असतील तर ती इलेक्स नाही. इलेक्सची पानं एक इकडे, मग थोडं वर एक तिकडे, अशी आळीपाळीनं येतात. तुमच्या फोटोत जोड्या स्पष्ट दिसतायत. एवढी एक खूण जरी लक्षात ठेवली ना तरी 'हॉली' म्हणून विकली जाणारी निम्मी झाडं बाद होतात.

आता नावांचा हा घोळ किती मोठा आहे ते बघा, कारण तुमच्या बाटलीचा प्रश्न खरं तर इथेच अडकलाय.

एक म्हणजे होली बेसिल. ही आपली तुळस. होली म्हणजे पवित्र, त्यात इंग्रजी स्पेलिंगात एकच एल. पण लेबल छापणारा घाईत दोन एल टाकतो आणि तुळशीची हॉली होते. आपण देवनागरीत लिहितो तेव्हा तर होळी, होली, हॉली सगळंच जवळजवळ एक, मला एकदा एका पार्टीनं फोनवर विचारलं की भिया तुमच्याकडे होलीचा माल आहे का, मी म्हटलं रंग सियागंजात मिळतील.

दुसरं, बर्बेरिस अ‍ॅक्विफोलियम. हे नाव तुम्ही नक्की ऐकलं असेल, होमिओपॅथीच्या दुकानात पिंपल्ससाठी आणि चेहऱ्यासाठी पोरी मागतात ती बाटली. इंग्रजीत हिला ओरेगॉन ग्रेप म्हणतात, पानं हॉलीसारखी म्हणून मागे अ‍ॅक्विफोलियम लागलं, आणि खऱ्या हॉलीच्या मागे पण तोच शब्द आहे. पण ही आपल्या दारुहळदीची बहीण, आत बर्बेरिन नावाचं पिवळं द्रव्य, कापलं की पिवळी धमक. इलेक्समध्ये बर्बेरिन नसतं. दोघींमध्ये सारखं काही असेल तर पानाचे काटे.

तिसरी सी हॉली, ती कोकणात खाडीच्या चिखलात वाढते, तिकडचे लोक मारांडी म्हणतात. आणि हॉलीहॉक म्हणजे आपला गुलखैरा, थंडीत बंगल्यांच्या फाटकाशी उंचच उंच उभा असतो तो, त्याची फुलं युनानीवाले खोकल्याला देतात. ही दोन्ही सोडून द्या, तुमच्या बाटलीत ती असायची शक्यता कमी.

आणि हो, बाख फ्लॉवर रेमेडी नावाचा एक प्रकार असतो, ३८ बाटल्या, त्यात पण एक हॉली आहे. ती मत्सर आणि द्वेष यावर देतात म्हणे. फुलांच्या डहाळ्या पाण्यात उकळून ते पाणी ब्रँडीत टाकून पुन्हा खूप पातळ करतात, त्यात झाडाचं म्हणावं असं काही उरतच नाही, त्याला हर्बल एक्स्ट्रॅक्ट म्हणता येत नाही. नणंद-भावजयीसाठी कुणी पाठवली असती तर मी समजू शकलो असतो, पण गुडघ्यासाठी नाही. (रागावू नका.)

आता खऱ्या इलेक्सवर येऊ, कारण त्यात पण दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुकानदार मुद्दाम त्या एकत्र करतात.

एका बाजूला पिण्याच्या इलेक्स. दक्षिण अमेरिकेत इलेक्स पॅराग्वारिएन्सिस, हीच यर्बा माते. अर्जेंटिना, उरुग्वे, पॅराग्वे, दक्षिण ब्राझील, तिकडे लोक दिवसभर पितात, भोपळ्याच्या भांड्यात पानं भरून वर गरम पाणी आणि धातूच्या नळीनं ओढायचं. इक्वाडोरला ग्वायुसा, अमेरिकेच्या दक्षिणेला यॉपॉन. या तिन्हीत कॅफीन असतं, चांगलं भरपूर. यॉपॉनचं शास्त्रीय नाव इलेक्स व्हॉमिटोरिया, १७८९ सालचं, म्हणजे नावातच उलटी. तिथले मूळ लोक समारंभात ती पिऊन उलट्या करायचे ते बघून गोऱ्यांनी नाव ठेवलं, पण झाडात तसं काही नाही, खूप पीत असतील किंवा मुद्दाम करत असतील. आज लोक चहासारखी पितात आणि कुणाला काही होत नाही. चीनमध्ये पण काही इलेक्सच्या पानांचा कडू चहा करतात, कुडिंग म्हणतात त्याला, आणि काही जातींची मुळं त्यांच्या औषधात आहेत.

दुसऱ्या बाजूला ती नाताळची हॉली. युरोपात जुन्या काळी तिच्या पानांचा काढा ताप, खोकला, संधिवात यावर देत आणि फळं जुलाबासाठी. तुमच्या नणंदेच्या मुलीला दुकानात 'जॉइंट्ससाठी' सांगितलं असेल तर त्याचं मूळ बहुतेक इथे आहे. पण ते मागे पडलं, आणि उगाच नाही पडलं. तिच्यात सॅपोनिन असतात, फळांत तर त्रास देण्याइतके असतात. लहान मुलानं लाल फळं खाल्ली की उलट्या, पोटदुखी, जुलाब, हे तिकडे दर डिसेंबरला डॉक्टरांना माहीत असतं. कुत्र्या-मांजरांना पण होतं. जीवावर बेतणं दुर्मिळ, पण ६८ वर्षांच्या बाईला बीपीच्या गोळीवर असताना दिवसभर जुलाब झाले तर ते साधं राहत नाही.

सॅपोनिन म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, तुम्ही रिठ्यानं केस धुतलेत. रिठ्याचा फेस येतो तो सॅपोनिनचाच. आता रिठ्याचं पाणी कुणी गुडघ्यासाठी सकाळ-संध्याकाळ अर्धा कप घेईल का? आणि पाण्यात उकळल्यावर सॅपोनिन छान उतरतात, म्हणजे घरी काढा करून तुम्ही नेमका त्रास देणारा भागच गोळा करणार. संधिवातावर हॉलीच्या पानांचा फायदा दाखवणारा माणसांवरचा नीट अभ्यास माझ्या वाचनात आजवर एकही आला नाही.

एक प्रसंग सांगतो, २०११-१२ च्या सुमारासचा. मुंबईच्या दलालाकडून बाहेरच्या गिऱ्हाइकाचं सँपल आलं, शंभर ग्रॅमची पुडी, वर चिठ्ठी, होली लीफ एक्स्ट्रॅक्ट, अर्सोलिक अ‍ॅसिड २.५ टक्के, असाच माल तीनशे किलो हवाय. अर्सोलिक हे पानांत असणारं एक द्रव्य, त्याच्या टक्क्यावर माल मोजतात. आमच्याकडे तुळशीचा एक्स्ट्रॅक्ट तयारच असायचा आणि बाजारात तो अर्सोलिक २.५ टक्क्यांवरच विकला जातो. एचपीएलसीवर, म्हणजे कुठलं द्रव्य किती आहे ते मोजणाऱ्या यंत्रावर लावलं, त्यांचं २.६, आमचं २.७. साहेब खूश, म्हणाले मॅच झालं, रेट टाकून दे.

मला रंग खटकत होता. आमची पावडर हिरवट करडी आणि ती तांबूस. वास दोघांनाही नव्हता, पण त्याचं काही नाही, स्प्रे ड्रायरमधून गरम हवेत माल निघतो तेव्हा तुळशीचा वासाचा भाग, युजेनॉल, जवळजवळ सगळा उडून जातो, त्यामुळे वासावर जाऊ नये. मग मी वडिलांच्या दुकानातली पोरखेळ वाटणारी टेस्ट केली. दोन टेस्ट ट्यूब, दोन्हीत चिमूटभर पावडर, कोमट पाणी, अंगठा लावून जोरात हलवलं आणि स्टँडवर ठेवून घड्याळ बघत बसलो. आमच्या तुळशीचा फेस दोन मिनिटांत बसला, वर पातळ कडं राहिलं तेवढंच. त्यांच्या ट्यूबमध्ये बोटभर फेस, मधमाशीच्या पोळ्यासारखा बारीक, पंधरा मिनिटांनी पण तसाच उभा. मग द्रव्यं डागांनी वेगळी दाखवणारी प्लेट असते, तिच्यावर शेजारी शुद्ध कॅफीन लावून चालवली तर त्यांच्या सँपलला बरोबर त्याच उंचीवर डाग, आणि आमच्या रेषेत काहीच नाही. तुळशीत कॅफीन कुठून येणार?

दलालाला म्हटलं लॅटिन नाव मागव. चार दिवसांनी आलं, इलेक्स पॅराग्वारिएन्सिस. माते हवी होती त्यांना, चिठ्ठी लिहिणाऱ्यानं एक एल खाल्ला होता. ऑर्डर गेली, साहेब आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत, पण तीनशे किलो तुळस मातेच्या नावानं परदेशी गेली असती आणि परत आली असती तर मग काय बोलले असते ते पण मला माहीत आहे.

यातून एक गोष्ट पक्की झाली. लेबलवर 'अमुक टक्के अर्सोलिक अ‍ॅसिड' लिहिलंय म्हणून झाड तेच आहे असं धरायचं नाही. अर्सोलिक तुळशीत असतं, मातेत असतं, सफरचंदाच्या सालीत पण असतं. आणखी एक, अर्सोलिक पाण्यात विरघळत नाही म्हणावं इतकं कमी विरघळतं, ते काढायला अल्कोहोलसारखं काहीतरी लागतं. म्हणून जिथे 'फक्त पाण्यात काढलेला शुद्ध अर्क' आणि त्याच लेबलवर अर्सोलिक ५ टक्के असं दोन्ही छापलेलं दिसेल तिथे समजा की लिहिणाऱ्यानं कारखाना बघितलेला नाही.

तसंच ते १०:१. लोकांना वाटतं दहापट ताकद. त्याचा अर्थ एवढाच की दहा किलो सुकी पानं घेतली आणि एक किलो पावडर निघाली. आता बहुतेक पानांतून पाण्यात उकळल्यावर शेकडा पंधरा-वीस-पंचवीस भाग तरी उतरतोच, म्हणजे दहा किलोतून दीड ते अडीच किलो. मग १०:१ कसं आलं? कधी खरंच पुढे शुद्ध केलेलं असतं, आणि बरेचदा फक्त छापलेलं असतं कारण गिऱ्हाईक आकडा बघून घेतं. उलट बाजूनं पण चालतं, पावडर चिकट होते म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन घालतात, ते घालणं गैर नाही, घातल्याशिवाय काही काही माल ड्रायरच्या भिंतीलाच बसतो, पण किती घातलं ते लिहायला पाहिजे. शुगरच्या माणसाला तर हे विचारायचा हक्कच आहे, कारण माल्टोडेक्स्ट्रिन म्हणजे शेवटी स्टार्चच. ५०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये त्यानं शुगर वाढणार नाही, पण सवय असावी.

तर तुमच्या बाटलीचं काय. मागचं लेबल बघा, बारीक अक्षरात. लॅटिन नाव आहे का, आणि पान की फळ की मूळ ते लिहिलंय का. तुम्ही पुढच्या बाजूचा फोटो टाकलाय त्यात दोन्ही नाही.

इलेक्स पॅराग्वारिएन्सिस निघालं तर ती माते आहे, म्हणजे कॅफीन, गुडघ्याशी काही संबंध नाही. वजन कमी करायच्या कॅप्सूलमध्ये ती हमखास असते. विष नाही, पण सासूबाईंना बीपी आहे, रात्री झोप लागत नाही असं तुम्हीच लिहिलंय, वर त्या दिवसाला चार चहा घेतात, त्यात हे कशाला. प्यायच्या मातेबद्दल एक बातमी दर दोन वर्षांनी फिरते की कॅन्सर होतो. त्याचं असं आहे की डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं की ६५ अंशांच्या वर, म्हणजे अगदी पोळणारं कुठलंही पेय अन्ननलिकेला बहुधा घातक, आणि माते फार गरम नसेल तर ती त्या यादीत बसत नाही. म्हणजे दोष झाडाला नव्हता, चटक्याला होता. आपल्या इंदुरी लोकांनी कट चहा उकळता घशात ओतताना हे आठवायला हरकत नाही.

ऑसिमम असं काही लिहिलं असेल तर ती तुळस. तुळस लंडनहून आणायची म्हणजे कमालच आहे, अंगणात वृंदावन आहे ना. एक्स्ट्रॅक्टच्या डोसमध्ये ती शुगर थोडी खाली नेऊ शकते म्हणून डॉक्टरांना सांगून घ्या, रोजची चार पानं चालू असतील तर राहू द्या.

बर्बेरिस किंवा महोनिया (ओरेगॉन ग्रेपचंच दुसरं नाव) लिहिलं असेल तर मात्र नीट लक्ष द्या. बर्बेरिन शुगर खरोखर कमी करतं आणि लिव्हरमध्ये बऱ्याच गोळ्यांचा निचरा होतो त्या वाटेत आडवं येतं, त्यामुळे शुगरच्या गोळीबरोबर परस्पर सुरू करू नये. घरात कुणी गरोदर असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल तिनं तर हातच लावू नये, नवजात बाळाची कावीळ वाढू शकते.

आणि इलेक्स अ‍ॅक्विफोलियम असं स्पष्ट लिहिलेलं निघालं तर बाटली कपाटात पण ठेवू नका. काहीच लिहिलं नसेल तर तेच. ज्या कंपनीला आपल्या बाटलीत कुठलं झाड आहे ते दोन शब्दांत सांगता येत नाही तिची कॅप्सूल मी माझ्या आईला देणार नाही.

पुढची बाटली जी इथे ऑनलाइन दिसतेय तिच्यावर अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर किंवा आयुर्वेदिक औषध म्हणून लायसन्स नंबर, बॅच नंबर, उत्पादकाचा पूर्ण पत्ता, हे असायलाच हवं. नसेल तर साडेचौदाशे वाचले. आणि विक्रेत्याकडे त्या बॅचचा टेस्ट रिपोर्ट मागा, द्यायला काही जात नाही. त्यात शिसं, आर्सेनिक, पारा आणि कॅडमियम या चारींचे आकडे बघा, आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या दर्जाच्या सरकारी पुस्तकात, मर्यादा शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३ अशी आहे. आकड्यांऐवजी नुसतं 'पास' लिहिलं असेल तर मला तरी समाधान होत नाही.

गुडघ्यांसाठी मी डॉक्टर नाही, पण ६८ व्या वर्षी दुखतायत तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मांडीचे व्यायाम शिकून घ्या, तो भाग सगळे टाळतात. वैद्यांकडे जायचं असेल तर चालू गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या, नावं पाठ सांगू नका, सासूबाई 'ती पांढरी छोटी' म्हणतील आणि वैद्य काय समजणार.

कुंडीतली सिंगापूर हॉली राहू द्या, सुंदर आहे, सकाळचं ऊन द्या आणि उन्हाळ्यात दुपारी आडोसा. फक्त नातू रांगतोय असं लिहिलंय तर कुंडी जरा वर ठेवा, पानं टोचतात. आणि त्या बाटलीचं सील तोडलं नसेल तर तोडू नका, पोरगी परत जाईल तेव्हा दुकानात बदलून मिळू शकेल. मागच्या लेबलचा फोटो टाका, उजेडात काढा, काल रात्रीच्या फोटोत सगळी अक्षरं पिवळी झालीत.